दोन शब्द, तिसरा अर्थ
(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



संस्थेने आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले. आम्ही काही प्राध्यापक नाही. कला शाखेची पदवी घेतलेला, बँकेत लिपिक म्हणून काम करणारा एक साधा माणूस आहोत. तेव्हा मोठे विचार मांडण्याऐवजी खरोखरच दोन शब्दांवर बोलावे असे आम्ही ठरवले. ते दोन शब्द इंग्रजी आहेत, 'पुट' आणि 'ऑफ'. या दोन शब्दांनी आमचे एक वर्ष वाया घालवले. ते कसे, हे आधी सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

आमचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. त्या काळी आपल्याकडे इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. पदवी हातात पडल्यावर आम्ही नोकरीसाठी अर्ज करू लागलो. मुंबईच्या एका कंपनीकडून मुलाखतीचे बोलावणे आले. घरात आनंद झाला. वडील मिठागरावर कामाला होते, त्यांनी उसनवारी करून आमच्यासाठी नवा शर्ट आणला. मुलाखतीच्या चार दिवस आधी दुसरे पत्र आले. त्यात एक ओळ होती, मुलाखत 'हॅज बीन पुट ऑफ', आणि पुढे कळवू असे काहीतरी होते. आम्ही शब्दकोश उघडला. 'पुट' म्हणजे ठेवणे. 'ऑफ' म्हणजे दूर, बंद. दिव्याचे बटण 'ऑफ' केले की दिवा बंद होतो, एवढे आम्हाला ठाऊक होते. वडिलांनी विचारले, "काय म्हणतो कागद?" आम्ही मोठ्या विश्वासाने सांगितले, "रद्द झालं, बाबा."

मग घरी बसून काय करायचे, म्हणून आम्हीही मिठागरावर गेलो. मिठाचा हंगाम होता, तिथेच झोपडीत राहिलो. तीन आठवड्यांनी घरी आलो तेव्हा आईने भिंतीवरच्या तसबिरीमागे जपून ठेवलेला लिफाफा काढून दिला. तिला वाचता येत नव्हते. त्यात मुलाखतीची नवी तारीख होती, आणि ती उलटून आठ दिवस झाले होते. मुलाखत रद्द झालीच नव्हती, ती फक्त पुढे ढकलली होती. वडील रागावले नाहीत. "मास्तरांना दाखवायचा होतास कागद," एवढेच म्हणाले.

मित्रांनो, त्या पत्रात कंपनीची काहीही चूक नव्हती. चूक आमच्या वाचण्यात होती. आम्हाला 'पुट' ठाऊक होता, 'ऑफ' ठाऊक होता, पण 'पुट ऑफ' ठाऊक नव्हता. अशा जोडशब्दांना इंग्रजीत 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. एक साधे क्रियापद, जसे 'गो', 'पुट', 'टेक', 'लुक', 'टर्न'. त्याच्या मागे एक छोटा शब्द, जसे 'अप', 'डाउन', 'इन', 'आउट', 'ऑफ', 'ओव्हर'. दोन्ही शब्द पहिलीतल्या मुलाला येणारे, पण एकत्र आले की पुष्कळदा त्यांतून तिसराच अर्थ निघतो.

ही अडचण फक्त आपल्याला येते, आपले इंग्रजी कच्चे म्हणून येते, असे मनात आणू नका. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच कबूल केले आहे की, क्रियापदामागे असा छोटा शब्द लावून अर्थ बदलण्याची जी इंग्रजीची रीत आहे ती परदेशी माणसाला सर्वांत जास्त अडचणीत टाकते. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव तर बरेच नंतरचे. लोगन पिअर्सॉल स्मिथ या लेखकाने १९२५ साली आपल्या पुस्तकात ते वापरले आणि तेव्हापासून ते रूढ झाले. जी गोष्ट अडीचशे वर्षांपूर्वी इंग्रजांच्या कोशकाराने अवघड मानली, ती आपल्याला अवघड वाटली तर त्यात लाज कसली?

आता आम्ही तुम्हाला एक उलटा प्रश्न विचारतो. एखादा परदेशी पाहुणा मराठी शिकतो आहे असे समजा. त्याला 'टाकणे' म्हणजे फेकणे हे माहीत झाले. नंतर त्याने ऐकले, "मी त्याला खरं काय ते सांगून टाकलं." तो विचारील, सांगितले ते ठीक, पण टाकले कुठे? "रुसून बसली" म्हटले तर तो विचारील, खुर्चीवर बसली की जमिनीवर? "पैसे गमावून बसला", "दिवस कसेबसे काढले", "पावसाने झोडपून काढले", या सगळ्यांत काय बसले आणि काय काढले? आपल्याला हे प्रश्न कधी पडत नाहीत, कारण आपण हे शब्द आईच्या तोंडून वाक्यासकट ऐकले. कोणी आपल्याला 'सांगून' आणि 'टाकणे' यांची बेरीज करायला शिकवले नाही.

तसेच 'अंगावर येणे' घ्या. समुद्रात लाट अंगावर येते. बाजारात भांडखोर माणूस अंगावर येतो. आणि मोठ्या भावाचे लग्न ठरले की सगळे काम धाकट्याच्या अंगावर येते. पहिल्या वाक्यात खरोखरच काहीतरी अंगावर आले. दुसऱ्यात ते येऊ पाहत होते. तिसऱ्यात अंगाला काहीच लागले नाही, तरी ओझे मात्र जाणवले. म्हणजे सरळ अर्थापासून लाक्षणिक अर्थापर्यंतचा प्रवास आपल्या भाषेतही आहे. इंग्रजीतला प्रवास याहून वेगळा नाही. तेव्हा आपल्याजवळ ही विद्या आधीपासून आहे, ती फक्त इंग्रजीकडे वळवायची आहे.

अभ्यासाच्या सोयीसाठी आम्ही या जोडशब्दांच्या तीन पायऱ्या करतो. ही वाटणी आमची आहे, परीक्षेत लिहू नका.

पहिली पायरी सरळ अर्थाची. 'सिट डाउन' म्हणजे खाली बसा, 'कम इन' म्हणजे आत या, 'गो आउट' म्हणजे बाहेर जा. इथे शब्दांची बेरीज केली तरी उत्तर बरोबर येते. आपल्याकडे भरती आणि ओहोटी असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. इंग्रजीतही ओहोटीला वेगळा शब्द आहे, पण रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूस 'द टाइड कम्स इन' आणि 'द टाइड गोज आउट' असेच म्हणतो. पाणी आत येते, पाणी बाहेर जाते. अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहून बघितले तर या दोन जोडशब्दांना शब्दकोश लागत नाही.

दुसरी पायरी महत्त्वाची. इथे अर्थ लाक्षणिक असतो, पण त्यामागचे चित्र अजून दिसत असते. चित्र डोळ्यासमोर आणले की अर्थ आपोआप उलगडतो. आणि सुदैवाने यांतली पुष्कळशी चित्रे आपल्या किनाऱ्यावर रोज पाहायला मिळतात.

'कट ऑफ' पाहा. फांदी कापून वेगळी केली तर 'कट ऑफ'. आता कुलाबा किल्ल्याकडे या. ओहोटीला लोक चालत किल्ल्यात जातात. साधारण सहा तासांनी पाणी भरते, आणि ज्याला वेळेचे भान राहिले नाही तो किल्ल्यातच अडकतो. इंग्रजीत म्हणतील, भरतीने तो 'कट ऑफ' झाला. कोणी काही कापले नाही, पण किनाऱ्याशी असलेला त्याचा संबंध तुटला. दरड कोसळून गावाचा रस्ता बंद झाला, गाव 'कट ऑफ'. बिल भरले नाही म्हणून वीज तोडली, तेही 'कट ऑफ'. तोडणे हे चित्र सगळीकडे एकच आहे, आणि वीज तोडली असे आपण मराठीतही म्हणतोच की!

'लेड अप' पाहा. १ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या राज्यात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. त्या होड्यांना इंग्रजीत 'लेड अप' म्हणतात. आणि तापाने आठ दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही 'लेड अप विथ फीव्हर' म्हणतात. शाकारलेली होडी आठवा, आजारी माणूस लगेच समजेल.

या दोन महिन्यांत घर कसे चालवायचे, हा कोळीवाड्यातल्या प्रत्येक घराचा प्रश्न असतो. थोडे पैसे बाजूला ठेवतात, थोडे उसने घेतात. त्या पैशांनी अडचणीचा काळ निभावून नेणे, याला इंग्रजीत 'टाइड ओव्हर' म्हणतात. 'टाइड' म्हणजे भरती-ओहोटी. मूळ शब्द नावाड्यांचाच. सतराव्या शतकातले इंग्रज खलाशी, वारा नसला की भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर गलबत पुढे नेत, पाणी उलटे फिरले की नांगर टाकून थांबत, आणि पुन्हा अनुकूल पाणी आले की निघत. याला ते 'टाइड ओव्हर' म्हणत. आपले खाडीतले नावाडी पिढ्यान् पिढ्या हेच करत आले. बँकेत आमच्यासमोर एखादी मावशी दागिना गहाण ठेवून कर्ज घेते आणि म्हणते, "नारळी पुनवेपर्यंत ढकलायचं आहे, भाऊ," तेव्हा ती 'टाइड ओव्हर'चा अर्थच सांगत असते.

आता एक गमतीदार पण सावध करणारे उदाहरण. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या जिल्ह्यावर आले. मुरूड, श्रीवर्धन, अलिबागच्या वाड्यांतली नारळी-पोफळीची झाडे आडवी झाली. त्या झाडांबद्दल इंग्रजीत म्हणायचे, 'द ट्रीज वेअर ब्लोन ओव्हर'. वाऱ्याने उलथून पाडली. पण 'द स्टॉर्म ब्लू ओव्हर' म्हटले तर त्याचा अर्थ वादळ निवळले, निघून गेले. शब्द तेच, 'ब्लो' आणि 'ओव्हर'. एकीकडे सर्वनाश, दुसरीकडे सुटका. त्यावरून पुढे लाक्षणिक अर्थ आला. दोन घरांतले भांडण आपोआप मिटले तर तेही 'ब्लू ओव्हर'. आता नुसत्या 'ब्लो ओव्हर'चा अर्थ पाठ करून बसलेला विद्यार्थी काय करील? त्याला वाक्यच बघावे लागेल. कोण वाहून गेले, कोण पडले, हे वाक्य सांगते. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, जोडशब्द कधीही एकटा पाठ करू नका, वाक्यासकट पाठ करा.

'होल्ड आउट' हा आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातला शब्द म्हणता येईल. हात पुढे करणे हा त्याचा सरळ अर्थ. लाक्षणिक अर्थ, शेवटपर्यंत टिकून राहणे, हार न मानणे. मुरूडचा जंजिरा मराठ्यांना कधी जिंकता आला नाही, किल्ला 'हेल्ड आउट'. आणि त्याहून मोठे उदाहरण चरीचे. अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला. १९३३ ते १९३९ अशी वर्षे त्यांनी खोतांची जमीन कसली नाही, हालअपेष्टा सोसल्या, पण माघार घेतली नाही. बाबासाहेबांनी त्यांना पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते शेतकरी 'हेल्ड आउट', त्यांनी 'गिव्ह इन' केले नाही. 'गिव्ह इन' म्हणजे नमणे, शरण जाणे. चरीची आठवण ठेवलीत तर हे दोन्ही शब्द विसरणार नाहीत.

काही ठिकाणी तर इंग्रजी आणि मराठी चित्र अगदी एक आहे. होडी बुडते, आणि व्यापारही बुडतो. इंग्रजीत दोन्हीला 'गो अंडर'. बोललेले शब्द आपण मागे घेतो. इंग्रजीतही 'टेक बॅक'. खड्डा भरतात, अर्जही भरतात. इंग्रजीत दोन्हीला 'फिल इन'. संकटात कोणी पाठीशी उभे राहते, इंग्रजीत 'स्टँड बाय'. भाषा वेगळ्या, पण माणसाची कल्पना सारखीच चालते.

आता तिसरी पायरी. इथे चित्र पुसट झालेले असते, शोधूनही सापडत नाही. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे. 'मेक आउट' म्हणजे उमगणे, आणि चेकच्या बाबतीत कोणाच्या तरी नावे लिहिणे. इथे बेरीज चालत नाही, चित्रही चालत नाही. ते व्यवहारातून आणि वाचनातूनच अंगवळणी पडते. असे शब्द थोडेच असतात असे आम्ही म्हणणार नाही. पण पहिल्या दोन पायऱ्या पक्क्या झाल्या की तिसरीचे भय निम्मे होते.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. आपल्या मराठी बोलण्यात हे पाहुणे केव्हाच येऊन राहिले आहेत. थळच्या खत कारखान्यात, उरण-नागोठण्याच्या प्रकल्पांत काम करणारे आपले बांधव 'शटडाउन' आणि 'ब्रेकडाउन' रोज म्हणतात. देखभालीसाठी ठरवून यंत्र थांबवले तर 'शटडाउन', आणि चालता चालता यंत्र अचानक बंद पडले तर 'ब्रेकडाउन', हा फरक त्यांना कोणी व्याकरणाच्या तासाला शिकवला नाही. २०२० मध्ये 'लॉकडाउन' हा शब्द तर घराघरांत पोचला. आजीबाईसुद्धा 'चेकअप'ला जातात. हे सगळे जोडशब्दच आहेत, क्रियापदाचे नाम झालेले. ज्या माणसाला 'ब्रेकडाउन' कळतो त्याला इंग्रजी येत नाही असे कोण म्हणेल?

थोडे व्याकरणही सांगितले पाहिजे. काही जोडशब्दांत कर्म मध्ये घालता येते. 'पुट ऑफ द मीटिंग' म्हणा किंवा 'पुट द मीटिंग ऑफ' म्हणा, दोन्ही बरोबर. पण कर्माच्या जागी 'इट', 'देम', 'हिम' असे सर्वनाम आले की ते मध्येच बसते. 'पुट इट ऑफ' बरोबर, 'पुट ऑफ इट' चूक. उलट 'लुक आफ्टर'सारखे काही जोडशब्द फोडता येत नाहीत. 'लुक आफ्टर हर' असेच म्हणावे लागते. आणि मागचा छोटा शब्द बदलला की सगळे बदलते. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे, 'लुक फॉर' म्हणजे शोधणे, 'लुक आउट' म्हणजे सावध राहणे. 'लुक अप' म्हणजे वर पाहणे, आणि शब्दकोशात शब्द शोधणे हाही त्याचाच अर्थ. 'लुक अप टू' म्हणजे आदराने पाहणे, आणि 'लुक डाउन ऑन' म्हणजे तुच्छ लेखणे. या शेवटच्या शब्दाचा अर्थ आपल्या समाजाला कोणी समजावून सांगायला नको. त्याला उत्तर देणारा शब्दही शिकून घ्या, 'स्टँड अप टू', म्हणजे ताठ उभे राहून तोंड देणे.

आता बँकेतला एक अनुभव, कारण हा विषय केवळ परीक्षेचा नाही. एक वयस्कर काका आमच्या काउंटरवर आले. होडीच्या इंजिनासाठी त्यांनी कर्ज घेतले होते आणि बरेच दिवस हप्ता आला नव्हता. त्यांच्या हातात वसुलीची नोटीस होती. म्हणाले, "भाऊसाहेब, हे कसं काय? माझं कर्ज तर राइट ऑफ झालं. माझ्या पोरानं कागद वाचून सांगितलं, माफ झालं म्हणून." पोराने कागद वाचला होता, पण आम्ही जसे 'पुट ऑफ' वाचले तसाच. 'राइट ऑफ' म्हणजे लिहून दूर करणे. पण कोणाच्या वहीतून दूर करणे? बँक आपल्या हिशेबाच्या पुस्तकातून ते कर्ज वेगळे काढते, कारण ते वसूल होईल असा भरवसा उरलेला नसतो आणि तोट्याची तरतूद करून ठेवलेली असते. मराठीत त्याला निर्लेखन म्हणतात. पण कर्जदाराचे देणे तसेच राहते आणि वसुलीही चालू राहते. कर्जमाफी ही वेगळी गोष्ट. २००८ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांसाठी दिली, २०१७ आणि २०१९ मध्ये आपल्या राज्य सरकारने योजना जाहीर केल्या, त्या माफीच्या. तिथे इंग्रजीत 'वेव्ह' हे क्रियापद वापरतात, 'राइट ऑफ' नव्हे.

काका बराच वेळ खुर्चीवर बसून राहिले. व्याज वाढले होते. आम्ही त्यांना शाखाधिकाऱ्यांकडे नेले, तडजोडीचा अर्ज लिहून दिला, पुढे हप्त्यांची सोय झाली. पण मधल्या काळातले व्याज कोण परत देणार? एका जोडशब्दाची किंमत त्या घराने रोख मोजली. वर्तमानपत्रात बँकांनी एवढे कोटी 'राइट ऑफ' केले असे वाचले की आम्हाला ते काका आठवतात. विद्यार्थी मित्रांनो, गावात तुमच्याकडे कोणी इंग्रजी कागद घेऊन आले तर तुम्ही त्यांचे वकील असता. खात्री नसेल तर "मला कळत नाही, विचारून सांगतो" असे म्हणायला लाजू नका. आम्ही लाजलो होतो. मास्तरांचे घर दहा मिनिटांवर होते.

शेवटी पुन्हा त्या 'पुट ऑफ'कडे येतो. त्याच्या शेजारी आणखी एक शब्द उभा असतो, 'कॉल ऑफ'. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणे. हे दोन्ही वेगळे कसे लक्षात ठेवायचे? चित्र घ्या. होडी किनारा सोडून दूर निघाली तर इंग्रजीत ती 'पुट ऑफ' झाली असे म्हणतात. होडी जवळून दूर गेली, पण बुडालेली नाही. तसेच काम जवळच्या तारखेवरून दूरच्या तारखेला गेले, पण संपलेले नाही. उलट, अंगावर धावून जाणाऱ्या कुत्र्याला मालक हाक मारून मागे बोलावतो, त्याला 'कॉल ऑफ' म्हणतात. तिथे चढाईच थांबली.

या दोन शब्दांचा फरक इतिहासाने एकदा मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांना देऊ केले. बाबासाहेबांनी भाषण इंग्रजीत लिहून तयार केले. परिषद आधी पुढे ढकलली गेली. इथपर्यंत 'पुट ऑफ'. मंडळींना भाषणातला काही मजकूर खटकला, त्यांनी बदल सुचवले. बाबासाहेब आपल्या मजकुराशी ठाम राहिले, 'स्टुड बाय'. तेव्हा त्यातले विचार परिषदेला सहन होणार नाहीत म्हणून स्वागत समितीने परिषदच रद्द केली. हे झाले 'कॉल ऑफ'. बाबासाहेबांनी ते न झालेले भाषण स्वखर्चाने छापले. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने ते आज जगभर वाचले जाते. परिषद रद्द करता आली, विचार रद्द करता आला नाही. 'पुट ऑफ' आणि 'कॉल ऑफ' यांत घोटाळा होऊ लागला की ही गोष्ट आठवा.

आता अभ्यास कसा करावा, एवढे सांगून थांबतो. एक वही करा. रोज एकच जोडशब्द घ्या. त्याचे एक वाक्य सरळ अर्थाचे आणि एक लाक्षणिक अर्थाचे लिहा, आणि ते वाक्य आपल्या गावातले असू द्या. 'टर्न डाउन' घेतलात तर रेडिओचा आवाज कमी करा हे एक वाक्य, आणि अर्ज नामंजूर झाला हे दुसरे. 'पे ऑफ' घेतलात तर कर्ज फेडले हे एक, आणि मेहनत फळाला आली हे दुसरे. मग मराठीत त्याला जवळची म्हण किंवा वाक्प्रचार आहे का ते शोधा. वर्षाअखेर वहीत तीनशेच्या वर शब्द जमतील आणि त्यांतला एकही घोकंपट्टीचा नसेल. बँकांच्या लिपिक परीक्षेत इंग्रजीचा स्वतंत्र विभाग असतो, तिथे ही वही उपयोगी पडेल. पण ती त्याहून जास्त उपयोगी पडेल ती घरी आलेला कागद वाचताना.

आम्ही ती वही मिठागरावरून परत आल्यानंतर सुरू केली. पहिल्या पानावर पहिला शब्द 'पुट ऑफ' आहे. पुढच्या वर्षी बँकेची परीक्षा दिली, निवड झाली. पहिल्या दिवशी कामावर जाताना तोच शर्ट घातला होता. वही अजून आमच्याकडे आहे, मधल्या सुट्टीत ज्याला पाहायची असेल त्याने पाहावी.

मित्रांनो, अभ्यास मात्र 'पुट ऑफ' करू नका.  जयभीम.